साठ भरले की साठावं लागलं?

सकाळी ९

भालकीच्या तहसील कचेरीबाहेर टेबल मांडलं की पहिला तास चहात आणि गप्पांत जातो. कमलनगरकडची माणसं रेल्वेनं येतात, औरादकडची जीपनं. आधी बूड टेकतात, मग पिशवीतून कागद काढतात. मी अर्जनवीस. बोलणं मराठीत ऐकायचं, अर्ज कानडीत उतरवायचा, आणि कुणी पेटीतला निजामी कागद आणला तर तो उर्दूतून वाचायचा. नाव, बापाचं नाव, गाव, सर्व्हे नंबर हे झटकन होतं. हात अडतो तो वयाच्या रकान्यापाशी.

१०.३०

"मावशी, वय किती लिहू?"

"साठी कवाच ओलांडली बघ बाबा."

"म्हंजे किती?"

"ते तूच सांग, तू शिकलेला."

यात मावशीचा काही दोष नाही. आमच्याकडे वय तीन तऱ्हांनी सांगतात. मराठीत साठ 'भरतात' किंवा साठावं 'लागतं', आणि या दोन्हींत एका वर्षाचा फरक पडतो. कानडी माणूस 'अरवत्तु तुंब्याव' म्हणाला तर भरले, 'नडीतदा' म्हणाला तर अजून चालू आहेत. दखनी बोलणारे चाचा 'साठ के पेटे में' म्हणतात. त्या पेट्यात एकसष्ट असतील, अडुसष्टही असतील. सरकारला मात्र फक्त भरलेली वर्षं कळतात. केंद्राच्या वृद्धापवेतनाला साठ भरावी लागतात, कर्नाटकानं २००७ साली सुरू केलेल्या संध्या सुरक्षेला पासष्ट. 'लागलं'चं 'भरलं' करून टाकलं तर अर्ज खोटा होतो, आणि 'भरलं'चं 'लागलं' झालं तर म्हातारीचं वर्षभराचं वेतन बुडतं.

म्हणून मी वय विचारायचं सोडून आठवण विचारतो. आमच्या भागात त्यासाठी ठरलेल्या खुणा आहेत: रझाकारी, सप्टेंबर १९४८ची पोलिस ॲक्शन, १ नोव्हेंबर १९५६ला आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो दिवस, बहात्तरचा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप. मावशी म्हणाल्या, "राज्य बदललं तवा मी पाळण्यात होते, आई सांगायची. दुष्काळात खडी फोडायला गेले तवा थोरला पदरात होता."

आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९६३. म्हणजे कार्डाच्या हिशेबानं बहात्तरच्या दुष्काळात मावशी नऊ वर्षांच्या, आणि पदरात पोर! तारीख ठाऊक नसलेल्या माणसांच्या कार्डावर असाच १ जानेवारी पडतो. शाळा पाहिलेल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना गुरुजींनी १ जूनला जन्माला घातलं. जन्मतारखेसाठी आधारवर विसंबू नका, शाळेचा दाखला बघा, अशा अर्थाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. निकाल बरोबरच आहे, पण मावशींना शाळाच नव्हती. मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला, त्यात दुष्काळ आणि थोरला दोन्ही घातले, आणि वयापुढे 'अंदाजे'. हा शब्द खोडा असा आग्रह नेहमी होतो. मी खोडत नाही. सबंध अर्जात शंभर टक्के खरा तोच असतो.

१२.३०

एका वकिलाकडचा पोरगा कानडी जबाबाचं मराठी तपासायला घेऊन आला. मुलगी सीमेपलीकडे दिलेली, खटला महाराष्ट्रात. आईच्या तोंडचं कानडी वाक्य होतं, लग्नाच्या वेळी मुलगी 'दोड्डाकी' झाली होती. पोरानं मराठी केलं होतं: 'मुलगी सज्ञान झाली होती.'

शब्दशः पाहिलं तर 'दोड्डाकी' म्हणजे मोठी. पण कानडी बाई हे म्हणते ते मुलीला पाळी आली एवढ्यापुरतं. आमच्या मराठी बायका त्यालाच 'शहाणी झाली' म्हणतात. ते वय बाराही असेल. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं अठराच्या आतली मुलगी बालकच. 'सज्ञान' लिहिलं की आरोपी तिथंच सुटायला लागतो. मी 'शहाणी झाली होती, म्हणजे तिला पाळी आली होती' असं सरळ लिहायला लावलं. पोरगा लाजला, पण लिहिलं त्यानं.

दुपारी २

सुसला आणि भजी. शिपाई एका म्हातारीला 'आयी' म्हणून हाक मारत होता. कानडीत ती आजी, मराठी म्हातारीला ऐकू येते आई. ती खुशीत होती, मी मध्ये पडलो नाही.

३.३०

वाटणीचा उर्दू कागद, खुर्दाद १३५२ फसली. धाकट्या भावापुढे 'उम्र अंदाजन १२ साल, नाबालिग'. नातवाला इंग्रजी साल हवं. निजामाच्या राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. म्हणून आजूर, दै, बहमन या तीन महिन्यांना ५९० मिळवायचे, पुढच्यांना ५९१. जहागिरी रद्द करणारा हुकूम १३५८ फसलीचा, तो निघाला ऑगस्ट १९४९ मध्ये. हिशेब तिथं ताडून पाहता येतो. खुर्दाद सातवा, तेव्हा हा कागद एप्रिल १९४३च्या आसपासचा. सरसकट ५९० मिळवले असते तर आजोबांच्या वयात वर्षाचा घोळ झाला असता.

'नाबालिग'ला आमचा कायद्याचा शब्द 'अज्ञान'. तो लिहिताना मी मूळ शब्दही शेजारी ठेवतो. 'बालिग'चा मूळ अर्थ वयात आलेला, आजचं 'सज्ञान' अठरा भरल्यावरून ठरतं. बारा वर्षांच्या पोराला 'नाबालिग' आणि 'अज्ञान' दोन्ही सारखेच लागू पडतात, सोळाच्या पोराला पडतीलच असं नाही.

रात्री ८

भाची हैदराबादला फ्रेंच शिकते, सुट्टीत आली आहे. तिच्या वहीत आज फ्रेंचमध्ये करायला वयाचीच इंग्रजी वाक्यं होती. इंग्रजीत माणूस साठ वर्षांचा असतो, फ्रेंचमध्ये त्याच्याजवळ साठ वर्षं असतात, आणि आपण मराठीत काय, कानडीत काय, 'तिला साठ' म्हणून मोकळे होतो. साठीच्या आसपासच्या वयासाठी फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे, अगदी आपल्या 'साठी'सारखा सैल. मी विचारलं, मग त्यांची पेन्शनीत अडचण होत नाही? नाही, म्हणाली, तिकडे १७९२ पासून जन्म सरकारी दप्तरात लिहितात. बोलताना माणूस कितीही सैल बोलला तरी तारीख दप्तरात बसलेली असते. आपल्याकडे साऱ्या देशासाठी जन्म-मृत्यू नोंदणीचा एकच कायदा आला तो १९६९चा, आणि त्याच्या आधी जन्मलेली माणसं अजून माझ्या टेबलापुढं रांगेत आहेत.

पुढचं वाक्य होतं, 'तो दिसतो त्यापेक्षा वयानं मोठा आहे.' कानडी मला लगेच सुचलं. फ्रेंचसाठी तिनं शब्दकोश उघडला.