सकाळी आंबट, दुपारी बेचव

पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतल्या बेंजामिन हायने या वनस्पतितज्ज्ञाने हे भारतातच टिपलं आणि १८१३ च्या एका पत्रात कळवलं. कोडं पुढे उलगडलं. बहुतेक झाडांच्या पानांवरची छिद्रं दिवसा उघडतात. कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण पाण्याची वाफही निसटते. पानफुटी, कोरफड, घायपात मात्र ती रात्रीच्या गारव्यात उघडतात. आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि उन्हात, छिद्रं मिटून, त्याची साखर करतात. सकाळचा आंबटपणा या आम्लाचाच.

म्हणूनच टँकरवर दिवस काढणाऱ्या गावांत हिरवळीपेक्षा ही झाडं परवडतात. मागे घायपात, मध्ये कोरफड लावावी आणि मोकळ्या मातीवर चिनी गुलाब पसरू द्यावा. जमीन झाकली की ओल टिकते. आपल्याकडे खरा धोका पावसाळ्याचा. पाणी साचलं की मुळं कुजतात. तेव्हा वाफा वीतभर उंच घ्या, मातीत जाडी वाळू किंवा बारीक मुरूम सढळ हाताने मिसळा. पाणी द्यायचं ते माती पुरती सुकल्यावरच. आणि घायपाताच्या पानांची टोकं सुईसारखी असतात, त्यामुळे तो पायवाटेपासून लांबच बरा.