कॉलेजच्या नावे मृत्युपत्र

अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. या भागात शिक्षण लोकवर्गणीवर आणि त्यागावर उभं राहिलं. तिथून शिकून पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्यांना आता परतफेड करायची असेल, तर मृत्युपत्र हा उत्तम मार्ग आहे. हयातीत पैसा हाताशी राहतो, विचार बदलला तर मजकूरही बदलता येतो.

नंदन निलेकणी यांनी 2023 मध्ये आयआयटी मुंबईला 315 कोटी दिले. बीडच्या कॉलेजला दहा लाखही खूप आहेत. समजा, ते कायम निधी म्हणून ठेवले आणि सात टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला सत्तर हजार येतात. सगळे खर्च केले तर महागाई निधीला पोखरते. म्हणून चाळीस हजार वाटावेत, तीस हजार मुद्दलात मिळवावेत. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात, तेव्हा मागे राहिलेल्या मुलीच्या मेसचे काही महिने त्यातून नक्की निघतात. मला इमारतीवरच्या नावाच्या पाटीपेक्षा हे दान मोठं वाटतं.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करावीच. नुसतं कॉलेजचं नाव लिहू नका. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव आणि विश्वस्त नोंदणी क्रमांक लिहा, रक्कम कशासाठी तेही लिहा. शेतजमीन द्यायची असेल तर आधी वकिलाला विचारा: मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळकायदा लागू आहे आणि बिगरशेतकऱ्याकडे जमीन जाण्यावर त्यात बंधनं आहेत. मुलांनाही आताच सांगून ठेवा.