लिंबाच्या रसांत भाजलेले बटाटे

विदर्भांत ज्याला आलू म्हणतात तो बटाटा आणि कागदी लिंबू हे दोन्ही जिन्नस भंडारा जिल्ह्यांतील कोणत्याहि आठवडी बाजारांत मिळतात. भाजी चुलीवरून उतरल्यावर तीवर लिंबू पिळावें, ही येथील रीत. ग्रीस देशांत क्रम उलटा आहे. तेथील गृहिणी कच्च्या फोडींवरच लिंबाचा रस ओतते आणि मग त्या भट्टींत भाजते. हा पदार्थ येथें घरीं करूं जाणाराची बहुधा दोन ठिकाणीं फसगत होते: तासभर भाजूनहि फोडी आंतून टणक राहतात, किंवा भांडें खराब होऊन अन्न टाकून द्यावें लागतें. दोहोंचें कारण एकच, आणि तें म्हणजे लिंबांतील आम्ल.

बटाटा हा ग्रीसला काय किंवा महाराष्ट्राला काय, परकाच. त्याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत. ‘बटाटा’ हा शब्द मराठींत पोर्तुगीजांकडून आला. ग्रीसमध्यें त्याचा प्रसार १८२८ सालीं राज्यकारभार हातीं घेणाऱ्या कापोदिस्त्रियास यानें केला. लोक हें कंद फुकटहि घेईनात, तेव्हां त्यानें त्यांच्या राशीवर पहारा बसविला व पहारेकऱ्यांना चोरीकडे डोळेझांक करावयास सांगितलें. मग लोकांनीं ते चोरून नेले, अशी आख्यायिका आहे.

आतां आम्लाचें कार्य पाहूं. बटाट्याच्या पेशी पेक्टिन नांवाच्या द्रव्यानें एकमेकींस जोडलेल्या असतात. उष्णतेनें तें विरघळूं लागलें म्हणजे बटाटा मऊ होतो. आम्ल असलें कीं हें विरघळणें मंदावतें. तुरीची डाळ शिजण्यापूर्वीं चिंच घातली तर ती लवकर शिजत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे; येथेंहि तेंच घडतें. परंतु या दोषांतच गुण आहे. साध्या पाण्यांत तासभर शिजलेल्या फोडींचा लगदा होईल. आंबट रसांत त्या आकार न सोडतां सावकाश शिजतात आणि रस पोटांत घेतात. म्हणून लिंबू कमी करणें हा उपाय नव्हे. पाणी व वेळ वाढविणें हा उपाय होय.

कृति अशी. एक किलो बटाटे सोलून त्यांच्या लांबट, जाड फोडी कराव्या. चार-पांच रसाळ लिंबांचा रस, पाऊण वाटी तेल, दीड वाटी पाणी, सात-आठ ठेंचलेल्या लसणीच्या पाकळ्या, मीठ व मिरपूड एकत्र करून फोडींस चोळावें. ग्रीक लोक ऑलिव्हचें तेल वापरतात. शेंगदाण्याच्या तेलानेंहि काम भागतें. ते ओरिगॅनो नांवाची सुगंधी वनस्पति घालतात. तिचा वास ओव्याच्या वासाशीं जवळचा असल्यानें अर्धा चमचा चुरडलेला ओवा चालतो. फोडी एकाच थरांत पसरून २०० अंश सेल्सिअसवर सुमारें सवा तास भाजाव्या व मध्यंतरीं एकदां उलटाव्या. सुरी सहज शिरण्यापूर्वींच पाणी आटलें तर अर्धी वाटी गरम पाणी घालावें. अखेरीस रस आटून तेल तेवढें उरतें व फोडी तांबूस होतात. विजेची भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पसरट भांड्यांत झांकण ठेवून मंद आंचेवर शिजवाव्या आणि फोडी मऊ झाल्यावर झांकण काढून परताव्या.

राहिला भांड्याचा प्रश्न. तो भंडाऱ्यांत विशेष महत्त्वाचा. हें शहर पितळेच्या भांड्यांकरितां प्रसिद्ध आहे व जुनीं पितळी पातेलीं आजहि पुष्कळ घरांत आहेत. कल्हई नसलेल्या पितळेंत आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे धातूंतील तांबें अन्नांत उतरतें. असें अन्न पोटांत गेल्यास मळमळ व वांत्या होतात. कल्हई केली म्हणजे भीति संपली असें मात्र या पदार्थाच्या बाबतींत म्हणतां येत नाहीं. कल्हई कथलाची, आणि कथील २३२ अंशांस वितळतें. वरणांत पाणी असेतों बूड फार तापत नाहीं. येथें तर शेवटीं रस आटवूनच भाजावयाचें असतें. तेवढ्यांत कल्हई वितळून पितळ उघडें पडूं शकतें. ॲल्युमिनियम व लोखंड यांवरहि आम्लाचा परिणाम होतो. म्हणून या पदार्थास स्टीलचें, भट्टींत चालणाऱ्या कांचेचें किंवा चांगल्या चिनी मातीचें भांडें घ्यावें.

भाजींत वरून पिळलेलें लिंबू क्षणभर भांड्यास लागतें. येथें तें तासाहून अधिक काळ त्यांत राहतें. एवढा फरक ध्यानांत ठेवून भांडें निवडलें व घाई टाळली, तर परदेशचा हा पदार्थ भंडाऱ्याच्या स्वयंपाकघरांत खचित साधेल.