लग्नापेक्षा महाग किराणा

सोनारीत कुणालाही विचारा, आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च कोणता? उत्तर ठरलेलं: पोरीचं लग्न. मग घर, मग दवाखाना. माझं मत वेगळं आहे. मी गावात किराणा दुकान चालवतो आणि वडलांपासूनच्या उधारीच्या वह्या माझ्याकडे आहेत.

लग्नाचा खर्च डोळ्यांत भरतो, कारण तो दाखवायलाच केलेला असतो. बार्शीला बस्ता बांधायचा, मंगल कार्यालय, आचारी, मानपान, टॉवेल-टोप्या, वर डीजे. माझ्याकडं साखर, तेल, रवा, डाळीची यादी येते. हुंडा १९६१ पासून कायद्यानं बंद आहे, म्हणून त्याची यादी कुणी कागदावर करत नाही. पुढं जोडपं काळभैरवनाथाच्या दर्शनाला येतं, तेव्हा देवळापाशी माकडं हातातला प्रसाद ओढून नेतात. अख्ख्या लग्नात न ठरवता झालेला खर्च तेवढाच.

आता हिशेब मांडू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत देशातल्या खेड्यांत माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यातला निम्म्याहून थोडा कमी खाण्यापिण्याचा. सगळा खर्च धरला तर पाच माणसांच्या घराला वर्षाला अडीच लाखांच्या आसपास. पोरगी जन्मल्यापासून पंचविसाव्या वर्षी तिचं लग्न होईस्तोवर, आजच्याच भावानं, साठ लाखांच्या वर. आमच्याकडं बरीच घरं याच्या निम्म्यात भागवतात. तरी तीस लाख झालेच की! त्यापुढं सहा लाखांचं लग्न ठेवून बघा.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, कर्जाचे कागद जाळले. सरकारनं चौकशी आयोग नेमला. कुणबी लग्नापायी बुडतो, असं तेव्हाही म्हणत. आयोगानं लिहिलं की लग्नाला फाजील दोष दिला जातोय. अन्न, बियाणं, बैल आणि सरकारी सारा यांच्यापायी पुन्हापुन्हा काढलेलं किरकोळ कर्जच जास्त फुगतं. आज बैलाऐवजी ट्रॅक्टरचं भाडं आलंय, आणि साऱ्याच्या जागी पेट्रोल नि मोबाइलचं रिचार्ज.

मग लग्नानं माणूस मोडतो तो का? रोजचा खर्च थोडाथोडा जातो, लग्नाला मात्र पैसा एकदम लागतो. खाजगीत महिना शेकडा तीननं दोन लाख उचलले, तर वर्षाचं व्याजच ७२ हजार. तीन वर्षं मुद्दल फिटलं नाही, की व्याज मुद्दलाच्या पुढं जातं. जेवणावळीला नावं ठेवणारे हा आकडा कधी धरत नाहीत.

घराचं थोडक्यात सांगतो. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर धाब्याच्या घरांची लोकांनी धास्ती घेतली, सिमेंटकडं ओढ वाढली. घरकुलाला केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार मिळतात. त्यात भिंती कशाबशा उभ्या राहतात, गिलावा उसाच्या बिलाची वाट बघतो.

दवाखाना मात्र माझ्या हिशेबातही बसत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत आहेत, आणि त्याचा खरोखर आधार आहे. पण सोलापूरची गाडी, सोबतच्या माणसाचं जेवणखाण, बाहेरून आणलेली औषधं, बुडालेला रोजगार हे कुठल्या कार्डावर मिळत नाही. अशा घराचं माझ्या वहीतलं पान लवकर भरतं. आधी तेल किलोवरून पावकिलोवर येतं, मग शेंगदाणे बंद होतात, चहापत्ती पुडीवर येते.

उधारीवर मी व्याज लावत नाही, हे गावाला माहीत आहे. रोखीनं तेलाचा डबा नेणाऱ्याला दोन पैसे सोडतो. उधारीवाल्याला तो छापील किमतीला जातो, हेही गावाला माहीत आहे.