नोंद रुग्णाची, राखण आपली

आमच्या दवाखान्यात सिकलसेलच्या रुग्णांचे केसपेपर गठ्ठ्यांत बांधलेले असत. पावसाळ्यात कोणाचे अंग जास्त दुखते, गोळ्या कोणी मध्येच सोडल्या, हे मला सांगता येत नसे. आता प्रत्येक भेटीची नोंद मी संगणकात करतो. हिमोग्लोबिन, हायड्रॉक्सियुरियाचा डोस, रक्त चढवल्याची तारीख ठरलेल्या रकान्यांत भरली की साऱ्या रुग्णांची माहिती एकत्र पाहता येते.

अशा नोंदींचे मोल कोरोनाकाळात दिसले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णांचे पुढे काय झाले, हे आरोग्यसेवेच्या संगणकीय नोंदींवरूनही तपासले गेले. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या चाचणीतून जूनमध्येच कळले की, डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात.

पण एका आईने मला विचारले, “दादा, पोरीचं नाव बाहेर गेलं तर सोयरीक कोण करंल?” तिची भीती रास्त आहे. म्हणून संशोधनाला माहिती देण्याआधी नैतिक समितीची मंजुरी आणि रुग्णाच्या बोलीत समजावून घेतलेली संमती हवी. नाव, फोन काढून सांकेतिक क्रमांक द्यायचा. गावाचे नावही गाळायचे, कारण लहान पाड्यात वय आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. कोणी नकार दिला, तरी उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये.

हे सारे मी त्या आईला सांगितले. विचार करून सांगते, म्हणाली. मी थांबलो आहे.