ऑनलाइन अर्जात गाव सापडेना? लांबलचक यादीवर हे आहेत सोपे उपाय

निपाणी : दाखला असो, शिष्यवृत्ती असो की पीकविमा, आता बहुतेक अर्ज ऑनलाइनच. नाव टाइप करायला वेळ लागत नाही. घोडं अडतं ते जिल्हा, तालुका, गाव निवडायच्या ‘ड्रॉपडाऊन’ यादीत. मोबाईलवर अंगठ्याने खाली-खाली सरकवत बसावे लागते. घाईत शेजारचे नाव निवडले गेले, तर अर्ज भलत्याच कार्यालयाकडे जातो आणि दुरुस्तीत मुदत निघून जाते.

सीमाभागात त्रास जास्त का?

इथे एका गावाला अनेक नावे. बोलताना बेळगाव, जुन्या इंग्रजी कागदावर बेलगाम, नव्यावर बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकात १२ शहरांची नावे बदलली. विजापूर ‘विजयपुरा’ झाले, गुलबर्गा ‘कलबुर्गी’. इंग्रजी यादीत ‘बी’ किंवा ‘जी’खाली शोधले तर ती मिळत नाहीत, ‘व्ही’ आणि ‘के’खाली बघावे लागते. महाराष्ट्रातही उस्मानाबादचे धाराशिव झाले. निपाणी २०१८ मध्ये स्वतंत्र तालुका झाला. यादी जुनी असेल तर बेडकिहाळ, अक्कोळ अजून चिक्कोडी तालुक्यातच शोधावे लागेल. त्यात निपाणीचे इंग्रजी स्पेलिंग कुठे एक ‘पी’चे, कुठे दोन ‘पी’चे.

अर्ज भरणाऱ्यांनी काय करावे?

- संगणकावर ‘टॅब’ दाबून यादीवर यावे आणि नावाची पहिली तीन-चार अक्षरे न थांबता टाइप करावीत. यादी थेट तिथे जाते. मध्ये थांबलात, तर पुढचे अक्षर नवीन शोध म्हणून धरले जाते.
- निवड झाल्यावर लगेच बाणाची बटणे दाबू नयेत. नकळत निवड बदलते.
- तालुका बदलला की गाव पुन्हा तपासावे.
- यादी कन्नडमध्ये असली तरी क्रम बराचसा मराठी बाराखडीसारखाच असतो. ‘न’ची नावे ‘ध’नंतर, ‘प’च्या आधी मिळतात. कन्नड वाचता येत नसेल, तर ‘सबमिट’ करण्याआधी जाणकाराला दाखवावे.

फॉर्म बनवणाऱ्यांनी काय करावे?

पतसंस्था, शाळा, दूध संस्था आता स्वतःच फॉर्म बनवतात. त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे.

- पाच-सहाच पर्याय असतील तर ड्रॉपडाऊन नको, सगळे समोर दिसू द्यावेत. ब्रिटन सरकारच्या वेबसाइटसाठीच्या सूचनांत तर ड्रॉपडाऊन शेवटचा उपाय म्हणूनच वापरा, असे म्हटले आहे.
- मोठ्या यादीला शोधायची चौकट द्यावी. दोन अक्षरे टाकली की जुळणारी नावेच दिसावीत. वेबपेजसाठी ‘डेटालिस्ट’ ही सोय तयारच आहे.
- बेळगाव, बेलगाम, बेळगावी यांपैकी काहीही लिहिले तरी एकच नोंद सापडली पाहिजे. नोंद ठेवताना नावासोबत कोडही ठेवावा. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त गावांना स्वतंत्र कोड आहेत, त्यामुळे नावाच्या स्पेलिंगवरून घोळ होत नाही.
- आधी राज्य, मग जिल्हा, तालुका आणि गाव असे टप्पे ठेवावेत. नाहीतर राज्याच्या यादीत बोरगाव नावाची अनेक गावे एकाखाली एक येतात.
- नेहमी लागणारी नावे सर्वात वर घ्यावीत.
- पहिले नाव आपोआप निवडलेले नको. तिथे ‘निवडा’ एवढेच असावे. नाहीतर विसरलेल्यांचे सगळे अर्ज त्याच गावाच्या नावावर जमा होतात.
- जन्मवर्षाची शंभर वर्षांची यादी देण्यापेक्षा चार आकडे टाइप करू द्यावेत. बँकेची शाखाही ११ अक्षरी आयएफएस कोडवरून आपोआप भरता येते.

एक्सेल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तिथल्या यादीत एका वेळी मोजकीच नावे दिसतात. म्हणून नावे अक्षरक्रमाने लावून घ्यावीत.

फॉर्म तयार झाला की सभासदांना देण्याआधी एखाद्या आजोबांच्या हातात मोबाईल देऊन त्यांना स्वतःचे गाव निवडायला सांगावे. त्यांना ते पटकन सापडले, तरच यादी जमली म्हणायची.