मोकळी जागा आणि उपयोगी जागा : कार्यप्रणालीतील स्मृतिविखंडन व पृष्ठवाटप

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हा विषय असतोच आणि त्यातील स्मृतिव्यवस्थापनाचे प्रकरण हमखास गुणांचे मानले जाते. अंतर्गत विखंडन आणि बाह्य विखंडन यांतील फरक विद्यार्थी पाठांतराने लिहितात. मात्र मेमरीत ३६० किलोबाइट जागा रिकामी असताना २०० किलोबाइटची मागणी का नाकारली जाते, असे विचारले की तेच विद्यार्थी थबकतात. मुंबई आयआयटीतील प्रा. डी. एम. ढमढेरे आणि सोलापूरचे अच्युत गोडबोले यांनी या विषयावर पाठ्यपुस्तके लिहिली आहेत. तथापि ती इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी व्याख्येचे भाषांतर करतो, पण त्यामागील चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही.

वस्तुतः हे चित्र त्याच्या घरीच असते. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातले सास्तूर किंवा त्याच्या आसपासचे कोणतेही गाव घ्यावे. एखाद्या कुटुंबाच्या नावावर दोन एकर जमीन असते. पण ती वीस-वीस गुंठ्यांच्या चार तुकड्यांत, चार वेगवेगळ्या गटांत विखुरलेली असते. बेरीज दोन एकरच भरते. मात्र एक एकर सलग फळबाग लावायची म्हटले, तर जागा नाही. क्षेत्र कमी पडलेले नाही, सलगता कमी पडली आहे. बाह्य विखंडन म्हणजे नेमके हेच.

सलगतेची अट

प्रारंभीच्या बहुकार्यी संगणकांत प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीत सलग जागा द्यावी लागत असे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीच्या एका आवृत्तीत मेमरीचे आधीच ठरविलेले स्थिर भाग पाडले जात, तर दुसरीत मागणीनुसार कमी-अधिक आकाराचे. दुसरी पद्धत सकृद्दर्शनी काटकसरीची वाटते. परंतु प्रोग्रॅम ज्या क्रमाने आत येतात त्याच क्रमाने ते बाहेर पडत नाहीत. कोठे १२०, कोठे ९०, कोठे १५० किलोबाइटचे रिकामे खंड मागे उरतात. बेरीज ३६० होते. २०० किलोबाइटचा प्रोग्रॅम मात्र दारातच उभा राहतो.

यावर रिकामा खंड निवडण्याचे नियम सुचविले गेले. पहिला पुरेसा खंड घ्यावा, सर्वांत नेमका बसणारा घ्यावा, अथवा सर्वांत मोठा घ्यावा. नेमका बसणारा खंड निवडणे शहाणपणाचे भासते. पण त्यातून उरणारा तुकडा इतका लहान असतो की पुढे तो कोणाच्याच कामी येत नाही. डोनाल्ड कनूथ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात दाखवून दिले की, व्यवस्था स्थिरावल्यावर रिकाम्या खंडांची संख्या भरलेल्या खंडांच्या सुमारे निम्मी राहते. कोणताही नियम निवडला तरी भोके पडणारच, असा याचा सरळ अर्थ आहे.

दुसरा उपाय एकत्रीकरणाचा. भरलेले सर्व खंड एका बाजूला सरकवावेत, म्हणजे रिकामी जागा दुसऱ्या बाजूला सलग होईल. शेतजमिनीच्या बाबतीत १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यामागे हाच विचार होता. विखुरलेल्या तुकड्यांची अदलाबदल करून सलग गट पाडावेत, ही त्या योजनेची कल्पना. सातबाऱ्यावरील गट क्रमांक हा शब्द तिचीच आठवण आहे. ज्यांनी हे काम गावात होताना पाहिले, त्यांना त्याचा खर्च सांगावा लागत नाही. संगणकातही खंड हलविताना त्याची प्रत्येक ओळ उचलून दुसरीकडे लिहावी लागते, आणि तेवढा वेळ मूळ काम खोळंबते.

विखुरलेले राहू द्यावे

तिसरा मार्ग मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेल्या आणि १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलास संगणकाने दाखविला. त्यांनी सलगतेची अटच सोडून दिली. प्रोग्रॅमचे ५१२ शब्दांचे समान भाग पाडले. हीच पृष्ठे किंवा पेजेस. मुख्य मेमरीचेही त्याच मापाचे भाग केले. त्यांना चौकटी म्हणतात. कोणतेही पृष्ठ कोणत्याही चौकटीत बसते, त्यामुळे एकही चौकट 'आकाराने गैरसोयीची' ठरत नाही. कोणते पृष्ठ कोणत्या चौकटीत आहे याची नोंद मात्र ठेवावी लागते.

ही नोंद म्हणजे पृष्ठसारणी. खातेदाराचा आठ-अ उतारा जसा एका खात्यावरील सर्व गट एकाखाली एक दाखवितो, तशी ही सारणी एका प्रक्रियेच्या सर्व पृष्ठांचा ठावठिकाणा देते. याउलट सातबारा गटाकडून खातेदाराकडे जातो : हा गट कोणाचा? कार्यप्रणालीलाही प्रत्येक चौकटीमागे अशी उलट नोंद ठेवावी लागते. वर्गात हे दोन उतारे शेजारी ठेवून दाखविले, तर पृष्ठसारणी आणि व्यस्त पृष्ठसारणी यांतील भेद फळ्यावरील आकृतीपेक्षा लवकर पोहोचतो.

एक उदाहरण पाहू. पृष्ठ ४०९६ बाइटचे आहे आणि प्रोग्रॅमला १०,००० क्रमांकाचा पत्ता हवा आहे. १०,००० ला ४०९६ ने भागले असता भागाकार २ आणि बाकी १८०८ येते. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पृष्ठातील १८०८ वे स्थान. क्रमांक शून्यापासून मोजले जातात, हे येथे लक्षात ठेवावे. सारणीनुसार हे पृष्ठ ५७ व्या चौकटीत असेल, तर खरा पत्ता ५७ गुणिले ४०९६ अधिक १८०८, म्हणजे २,३५,२८० होय. प्रोग्रॅमला यातील काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने त्याची जागा सलगच असते.

येथे जमिनीची उपमा थांबते, आणि ती का थांबते हे सांगणे उपमा देण्याइतकेच आवश्यक आहे. चार गटांत शेती असलेल्या शेतकऱ्याला बैल आणि औजारे घेऊन एका तुकड्यातून दुसऱ्यात जावे लागते. अंतराची किंमत त्याच्या दिवसातून वजा होते. मुख्य मेमरीत कोणत्याही चौकटीपर्यंत पोहोचण्यास जवळपास सारखाच वेळ लागतो. म्हणूनच तेथे विखुरलेपण परवडते. फिरत्या हार्ड डिस्कला ते परवडत नाही, कारण तिचा शीर्षभाग खरोखरच जागा बदलतो. विंडोजमधील डिस्क डिफ्रॅगमेंटर हे त्या दुखण्यावरचे औषध आहे. ते चालविल्याने मेमरीचे विखंडन दूर होते, ही समजूत प्रयोगशाळांतून आता तरी हद्दपार व्हावी.

किंमत कोठे गेली?

पृष्ठपद्धतीने बाह्य विखंडन संपले, असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रोग्रॅमच्या बाजूने ते खरे आहे. पण किंमत नाहीशी झालेली नाही. तिने जागा बदलली आहे.

पहिली किंमत अंतर्गत विखंडनाची. १०,००० बाइटच्या प्रोग्रॅमला तीन पृष्ठे, म्हणजे १२,२८८ बाइट द्यावे लागतात. २,२८८ बाइट त्याच्या ताब्यात असूनही रिकामे राहतात. माप ठरवून वाटप केले की हे अटळ असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर परिसरातील गावे जमीनदोस्त झाली. त्यानंतरच्या पुनर्वसनात घरांची तीन मापे ठरली : २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. घराचे माप कुटुंबातील माणसांवर नव्हे, तर धारण केलेल्या जमिनीवर अवलंबून होते. हजारो घरे थोड्या काळात उभी करावयाची असता ठरीव मापांना पर्याय नव्हता. पण भूमिहीनांच्या भरल्या घराला २५० चौरस फूट आणि मोठ्या खातेदाराच्या दोन माणसांना ७५० असे प्रसंग त्या नियमातच दडलेले होते. ठरीव माप वाटप सोपे करते आणि बेरजेतील तूट प्रत्येक घरात थोडी थोडी वाटून टाकते.

दुसरी किंमत नोंदवहीची. ३२ बिटी पत्ता आणि ४ किलोबाइटचे पृष्ठ धरले, तर एका प्रक्रियेच्या एकपातळी सारणीत दहा लाखांहून अधिक नोंदी होतात. प्रत्येकी ४ बाइट धरल्यास ४ मेगाबाइट केवळ नोंदींसाठी. म्हणून इंटेलच्या १९८५ मधील ८०३८६ प्रक्रियकात सारणी दोन पातळ्यांची करण्यात आली. शिवाय प्रत्येक वाचनापूर्वी सारणी पाहण्याचा विलंब टाळण्यासाठी अलीकडे लागलेल्या पत्त्यांची एक छोटी, वेगवान टिपणवही प्रक्रियकातच ठेवली जाते.

भाऊबंद खंड

तिसरी किंमत पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. सामान्य प्रोग्रॅमला सलगता लागत नसली, तरी कार्यप्रणालीच्या गाभ्याला ती अनेकदा लागते. काही उपकरणे पृष्ठसारणी न पाहता थेट मेमरीत लिहितात. त्यांना सलग चौकटी हव्या असतात. मोठ्या कामांसाठी २ मेगाबाइटची मोठी पृष्ठे वापरली जातात, आणि त्यांतील प्रत्येकासाठी ५१२ लहान चौकटी सलग लागतात. बाह्य विखंडन येथे मागच्या दाराने परत येते.

लिनक्समध्ये हे वाटप 'बडी' पद्धतीने होते. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९६३ मध्ये ती योजली आणि केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या मार्कोविट्झ यांनाच १९९० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मराठीत या पद्धतीला भाऊबंद खंडांची पद्धत म्हणता येईल. खंड १, २, ४, ८ असे दुपटीच्या मापाचेच असतात. पाच पृष्ठांची मागणी आली तर आठांचा खंड दिला जातो. तो नसेल तर सोळांच्या खंडाची दोन भावांत वाटणी होते. एक हिस्सा दिला जातो, दुसरा शिल्लक राहतो. पुढे दोन्ही हिस्से रिकामे झाले की ते पुन्हा एक होतात. गावच्या वाटणीत हे क्वचितच घडते.

यात एक मेख आहे. ३२ ते ३९ आणि ४० ते ४७ ही पृष्ठे भाऊबंद होत, कारण ती एकाच सोळांच्या खंडातून फुटली. ४० ते ४७ आणि ४८ ते ५५ हे खंड मात्र बांधाला बांध लागून असले, दोन्ही रिकामे असले, तरी एकत्र येत नाहीत. भाऊ कोण हे केवळ पत्त्यातील एक बिट उलटवून कळते, म्हणून पद्धत वेगवान आहे; आणि त्याच नियमामुळे ती काही शेजाऱ्यांना कायमचे वेगळे ठेवते.

लिनक्सच्या 'प्रॉक' विभागातील 'बडीइन्फो' ही फाइल वर्गात उघडून दाखवावी. तीत प्रत्येक क्षेत्रासमोर सामान्यतः अकरा आकडे असतात : ४ किलोबाइटचे रिकामे खंड किती, ८ चे किती, असे ४ मेगाबाइटपर्यंत. समजा पहिला आकडा ५,००० आहे आणि शेवटचे दोन शून्य आहेत. एकट्या पहिल्या स्तंभात सुमारे २० मेगाबाइट मोकळे आहेत, तरीही २ मेगाबाइटचे एक मोठे पृष्ठ तत्काळ मिळणार नाही. अशा वेळी मेमरी वाढविण्याच्या खरेदीप्रस्तावावर सही करण्यापूर्वी ही एक ओळ वाचलेली बरी.

यावर दोन उपाय झाले. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ पासून हलविता येणारी आणि न हलविता येणारी पृष्ठे शक्यतो वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवली जाऊ लागली. ऑगस्ट २०१० च्या २.६.३५ मध्ये एकत्रीकरण आले : एक शोधक तळाकडून हलविण्याजोगी पृष्ठे गोळा करतो, दुसरा वरून रिकाम्या चौकटी, आणि दोघांची गाठ पडली की काम थांबते. पृष्ठसारणीतील नोंद बदलली जाते. प्रोग्रॅमला पत्ता जुनाच दिसतो. जुन्या एकत्रीकरणापेक्षा हे पुष्कळ सुसह्य आहे. परंतु गाभ्याची स्वतःची बरीच पृष्ठे जागची हलत नाहीत. शेताच्या मध्यभागी असलेली विहीर उचलून बांधावर नेता येत नाही, तसे असे एक अचल पृष्ठ ५१२ चौकटींचा सबंध पट्टा अडवून ठेवते. एका प्रकारचे पट्टे संपले की कार्यप्रणाली दुसऱ्या प्रकारच्या पट्ट्यातून उसनी जागा घेते, आणि महिनोन्महिने बंद न होणाऱ्या यंत्रात हे मिश्रण वाढत जाते. म्हणून मोठ्या माहितीसाठ्यांच्या सर्व्हरवर मोठी पृष्ठे यंत्र सुरू होतानाच राखून ठेवण्याची प्रथा आहे. त्या क्षणी मेमरी बव्हंशी अखंड असते. मात्र अशा रीतीने राखलेली पृष्ठे वापराविना पडून राहिली, तरी इतर सामान्य प्रोग्रॅमना ती मिळत नाहीत.